सेंट जॉन बॉस्को

दांडग्या मुलास मार दिल्याने तो सुधारतो काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस जॉन बॉस्को यांच्या चरित्रात सापडते.

त्यांचा जन्म १८१५ साली उत्तर इटलीत एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. किएरी येथे ते शिकत असता वर्गातील दांडगी मुले लुईजी कोमोल्लो या सौम्य सोबत्यास छळीत. एके दिवशी बॉस्को यांस क्रोध अनावर झाला. त्यांनी एका मुलास खांद्यांना धरून उचलले व त्याचाच सोटा करून इतरांस झोडपले. दांडगे पळाले खरे. परंतु ज्याचे रक्षण केले त्या कोमोल्लोनेच, ईश्वराने बळ यासाठी दिलेले नाही, अशी त्यांची कानउघाडणी केली.

१८४१ साली ते धर्मगुरू झाले. त्याच वर्षी ट्यूरिनच्या एका चर्चमध्ये सेवकाने एका अनाथ मुलास मारून हाकलले. बॉस्को यांनी त्यास परत बोलावले, मायेने विचारपूस केली व शिकविण्यास आरंभ केला. तेथूनच त्यांचे जीवितकार्य सुरू झाले. १८७७ साली आपली शिक्षणपद्धती लिहिताना त्यांनी मार वर्ज्य ठरविला, शिक्षा नव्हे. गुरूने नेहमीची ममता क्षणभर आवरून घेणे, हीही त्यांच्या मते मुलास शिक्षाच होय.

१८८८ साली ते निवर्तले. पालकहो, आधी ममता दिली असेल, तरच ती आवरता येते, हे आपण विसरू नये.