दाढी गहाण ठेवणारा दर्यावर्दी

आपल्या धाराशिवला समुद्र नाही. तरी तेरचे नाव फार पूर्वीच समुद्रावर पोचले होते. ठाणे-साष्टीच्या बेटांवर राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे, म्हणजे आपल्या तेरचे, अधिपती म्हणवीत. त्याच बेटांत १५३८ च्या अखेरीस एक विचित्र पोर्तुगीज सरदार आला. दोम जुआंव द कास्त्रू त्याचे नाव. वय अडतीस.

लिस्बनला पेद्रू नुनिश या गणितज्ञाकडे तो शिकला होता. गोव्याहून दीवला निघालेल्या आरमारात तो होता. पण सोबतचे लोक लढाईच्या गोष्टी करीत, तेव्हा हा दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली मोजत बसे. साष्टी, मुंबई, उरण, घारापुरी यांच्या आडोशाने तिथले पाणी शांत. कुठे खडक, कुठे गाळ, कुठल्या खाडीत गलबत निर्धास्त उभे राहील, सारे तो टिपून घेई. किनाऱ्याला उतरला की पायपीट. घारापुरीच्या लेण्यात त्याने मूर्ती न्याहाळल्या, मापे घेतली. कान्हेरीचा डोंगरही पाहिला.

वसईजवळ त्याचे होकायंत्र भलतीच दिशा दाखवू लागले. दुसरा कुणी यंत्राला दोष देऊन मोकळा झाला असता. याने निदान केले की, जवळच्या खडकांतच काहीतरी ओढ आहे. ते बरोबर होते. दख्खनच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त, चुंबकी खनिजे असतात. आपल्या नळदुर्गाचा तट त्याच दगडाचा!

हाच माणूस १५४५ साली गव्हर्नर होऊन परतला. पुढच्याच वर्षी गुजरातच्या सुलतानाच्या फौजेने दीवला वेढा घातला. त्यात त्याचा तरुण मुलगा फेर्नांदु सुरुंगाच्या स्फोटात गेला. बापाने वेढा मोडला, पण किल्ला ढासळलेला आणि तिजोरी रिकामी. गोव्याच्या नगरसभेकडे त्याने वीस हजार पारदांव मागितले. तारण म्हणून मुलाच्या अस्थी द्यायचे मनात होते. पण पुरलेला देह अजून विरघळला नव्हता. तेव्हा त्याने आपल्या दाढीचे केस पाठवले. नोकरीभर मी सोने, शेतजमीन, म्हशी असे नाना प्रकारचे तारण पाहिले, पण असे नाही. गोवेकरांनी पैसे दिले, बायकांनी दागिने दिले आणि केस परत केले.

इथवर आदर वाटतो. पण पुढे आदिलशाहीशी बिनसले, तेव्हा याच्याच आरमाराने दाभोळ जाळले. ज्या किनाऱ्याचा खडकन् खडक त्याने मायेने टिपला, तिथल्या माणसांची घरे मात्र त्याच्या हिशेबात कुठेच नव्हती. हे मला अजून उलगडलेले नाही.

व्हाइसरॉयपदाचा हुकूम हाती पडून थोडेच दिवस झाले होते. ६ जून १५४८ रोजी गोव्यात तो वारला. फ्रान्सिस झेवियर उशाशी होते. त्याच्या पेटीत किरकोळ नाणी आणि ते दाढीचे केस निघाले म्हणतात. गोवा-दीव किनाऱ्याची त्याची वही छापून निघाली ती १८४३ साली, पोर्तु शहरात.