श्रमजीवी पालकपिता संत योसेफ

संत योसेफांच्या मुखचा एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. नोंद आहे ती केवळ त्यांच्या कृतींची.

ते दावीद राजाच्या वंशातले. परंतु उपजीविका सुतारकामावर. आपल्या खर्डीकडील खेड्यांतून सुताराने नांगर, जू व दाराच्या चौकटी घडवाव्यात, तसल्याच कष्टांवर त्यांनी नाझरेथात संसार चालविला. मरियेच्या उदरातील बाळ आपले नव्हे हे कळल्यावर त्यांनी वाग्दान गुपचूप मोडण्याचे योजिले होते. परंतु स्वप्नात देवदूताची आज्ञा होताच त्यांनी मरियेचा स्वीकार केला व बाळाचे नाव येशू ठेवले. नाव देणे म्हणजे पितृत्व पत्करणे होय.

मंदिरात त्यांनी गरिबाचे अर्पण वाहिले. हेरोदाच्या भयाने बाळ व माता ह्यांस घेऊन रातोरात मिसर देशाची वाट धरली. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तेव्हा मरियेसह व्याकूळ होऊन त्याचा शोध केला.

पुढे गावकऱ्यांनी प्रभूस सुताराचा मुलगा म्हणून हिणविले. परंतु तेच शब्द ह्या पित्याच्या श्रमांची साक्ष ठरले.

पोप नववे पायस ह्यांनी १८७० साली त्यांना अखिल ख्रिस्तसभेचे आश्रयदाते घोषित केले. पोप बारावे पायस ह्यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत योसेफांचा सण ठरविला.

आईबापांविना उरलेले लेकरू आपल्या ताटात जेवू घालणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे स्मरण करावे. पितृत्व केवळ रक्ताने येत नाही. ते रोजच्या घामाने मिळवावे लागते.