थॉमस ग्रॅहम

थॉमस ग्रॅहम (डिसेंबर १८०५, ग्लासगो, स्कॉटलंड - १६ सप्टेंबर १८६९, लंडन, इंग्लंड) हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ होते. वायूंच्या विसरणाचा नियम आणि अपोहन (डायलिसिस) या प्रक्रियेचा शोध यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

ग्रॅहम यांचा जन्म एका कापड उत्पादकाच्या घरी झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. ग्लासगो विद्यापीठात शिकत असताना ग्रॅहम यांनी रसायनशास्त्राची निवड केली, तेव्हा वडिलांनी त्यांचा आधार काढून घेतला. आईने मात्र त्यांना पाठबळ दिले. उमेदवारीच्या काळात त्यांनी अध्यापनावर उदरनिर्वाह केला. १८३० मध्ये ते ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत आणि १८३७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते. १८५५ पासून मृत्यूपर्यंत ते शाही टांकसाळीचे प्रमुख होते. एके काळी हे पद आयझॅक न्यूटन यांनी भूषविले होते.

संशोधन

वायूच्या विसरणाचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे ग्रॅहम यांनी दाखवून दिले. १८६१ मध्ये त्यांनी द्रवांतील विसरणावरील निबंध प्रसिद्ध केला. त्यात पदार्थांचे स्फटिकाभ आणि कलिल असे दोन वर्ग केले होते. चर्मपत्र कागद ताणून बसवलेले कडे पाण्यावर ठेवल्यास साखर, मीठ, युरिया यांसारखे पदार्थ पलीकडे जातात. डिंक, सरस, अल्ब्युमिन मात्र मागे राहतात. या पृथक्करणाला त्यांनी अपोहन हे नाव दिले. मूत्रातील युरियाही त्यांनी या रीतीने वेगळा केला. १८६२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कॉपली पदक मिळाले.

वैद्यकातील महत्त्व

ग्रॅहम यांच्या हयातीत अपोहनाचा उपयोग रुग्णांवर झाला नाही. जॉन जेकब एबल आणि सहकाऱ्यांनी १९१३ मध्ये प्राण्यांवर, गेऑर्ग हास यांनी १९२४ मध्ये माणसावर रक्ताचे अपोहन केले. विलेम कोल्फ यांच्या फिरत्या पिंपाच्या यंत्राने १९४५ मध्ये एका रुग्णेचे प्राण वाचले.

ग्रॅहम यांनी केलेला भेद हाच आजच्या उपचाराची मर्यादाही ठरतो. इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसिल सल्फेट यांसारखी विषद्रव्ये स्वतः लहान रेणूंची असली, तरी त्यांचा बहुतांश भाग रक्तातील अल्ब्युमिनला चिकटलेला असतो. अल्ब्युमिन पटलातून जात नाही, आणि ते जाऊ देणे रुग्णाच्या हिताचेही नसते. त्यामुळे केवळ मोकळा अंश बाहेर पडतो. हे निर्मूलन सुधारण्यासाठी अपोहन द्रवाचा प्रवाह व पटलाचे क्षेत्रफळ वाढवणे, विषद्रव्य शोषून घेणारे पदार्थ वापरणे आणि अल्ब्युमिनवरील जागा बळकावून विषद्रव्य सोडवणारी द्रव्ये रक्तात मिसळणे, असे मार्ग अभ्यासले जात आहेत.

स्मारक

ग्लासगोच्या जॉर्ज चौकात ग्रॅहम यांचा पुतळा उभारण्यात आला.