युरियावाला वोहलर आणि सिंकमध्ये गेलेला गाळ

बारावीच्या केमिस्ट्रीत वोहलरचं नाव आपण सगळ्यांनी एकदा तरी लिहिलंय. १८२८, अमोनियम सायनेट, युरिया, एक मार्क. पेपर संपला की वोहलर संपला! माझाही संपला होता. तो परत भेटला फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये, आणि तेही मी दोन घोळ घालून ठेवल्यावर. म्हणून त्याची गोष्ट सांगायच्या आधी माझे घोळ सांगतो.

माझं घर पेणला. थर्ड इयरच्या सुट्टीत ट्रेनिंग मिळालं रोह्याच्या बाजूच्या एका छोट्या युनिटमध्ये. सकाळी दिव्याहून येणारी गाडी पकडायची आणि कासू, नागोठणे करत रोहा गाठायचं. तिथे फॉइल लाटणाऱ्यांसाठी ॲल्युमिनियमची पट्टी ओतायचे. वितळलेला धातू भट्टीतून पन्हळीने पुढे जातो आणि त्या पन्हळीत एक सळी हळूहळू सोडत राहतात. ही सळी म्हणजे ग्रेन रिफायनर मास्टर ॲलॉय. ॲल्युमिनियम, त्यात साधारण ५ टक्के टायटॅनियम आणि १ टक्का बोरॉन. टनाला किलो-दोन किलो पुरते. आईच्या भाषेत सांगायचं तर हे विरजण आहे. भांडंभर दुधाला चमचाभर दही, तसं टनभर धातूला एवढीशी सळी. त्यातल्या टायटॅनियम बोराइडच्या बारीक कणांवर ॲल्युमिनियमचे ग्रेन धरतात, बारीक आणि एकसारखे. मग पट्टी लाटताना फाटत नाही.

सळीचं भेंडोळं संपलं की शेवटचे तुकडे उरतात. मी शहाणपणा केला. ॲल्युमिनियमच आहे, वाया कशाला घालवायचं, असा विचार करून आठवडाभराचे तुकडे गोळा केले आणि सरळ भट्टीत टाकले. पुढे काही दिवसांनी एक कॉइल परत आली. फॉइल उजेडासमोर धरली तर चांदण्यासारखी भोकं! ठपका आला भट्टीवर असणाऱ्या काकांवर, मळी नीट काढली नाही म्हणून. त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले. मी तिथेच उभा होतो. गप्प बसलो.

दुसरा घोळ आपल्याच लॅबमध्ये. प्रोजेक्टला विषय घेतला होता या उरलेल्या तुकड्यांच्या पुनर्वापराचा. एक तुकडा पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवला. तळाशी काळपट गाळ राहिला. तुकडा कळकट होता, त्याची घाण असेल असं समजून मी तो सिंकमध्ये ओतला आणि जर्नलमध्ये लिहिलं की नमुना पूर्ण विरघळला. सरांनी जर्नल वाचलं, गाळाचं काय केलंस एवढंच विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाले की पुढचा प्रयोग करण्याआधी वोहलरचं चरित्र वाचून ये. मला वाटलं, युरियाचा इथे काय संबंध?

संबंध होता, आणि चांगलाच होता.

फ्रेडरिक वोहलरचा जन्म ३१ जुलै १८०० चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टजवळच्या एशर्सहाइम गावचा. शिकला डॉक्टरकी. १८२३ मध्ये हायडेलबर्गला पदवीही घेतली, पण तिथल्या ग्मेलिन या प्राध्यापकांनी त्याचा ओढा ओळखून त्याला रसायनशास्त्राकडे वळवलं. मग हा गडी थेट स्टॉकहोमला गेला, बर्झेलियसच्या हाताखाली. त्या काळी बर्झेलियस म्हणजे या विषयातला सर्वांत मोठा माणूस. वोहलरने तिथे काटेकोर तोलमाप शिकून घेतलं, स्वीडिश भाषाही शिकला आणि गुरूची पुस्तकं जर्मनमध्ये आणली.

परत आल्यावर बर्लिनच्या एका तंत्रशाळेत मास्तर झाला. सिल्व्हर सायनेटचं पृथक्करण करून आकडे छापले, तर तिकडे लीबिग नावाच्या दुसऱ्या तरुणाचे सिल्व्हर फल्मिनेटचे आकडे अगदी तेच! एक पदार्थ साधा, दुसरा स्फोटक. लीबिगने याला खोटा ठरवायला कमी केलं नाही. शेवटी दोघं भेटले, तपासलं, तर दोघांचेही आकडे बरोबर. घटक तेच, मांडणी वेगळी. आयसोमेरिझम आपण शिकतो त्याची सुरुवात या भांडणात आहे. आणि भांडणारे दोघे जन्मभराचे मित्र झाले. पुढे १८३२ मध्ये वोहलरची बायको वारली तेव्हा लीबिगने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं आणि दोघांनी कडू बदामाच्या तेलावर काम केलं. आपण दुःखात मित्राला पिक्चरला नेतो, यांनी प्रयोगशाळेत नेलं, इतकाच फरक!

१८२७ मध्ये वोहलर ॲल्युमिनियमच्या मागे लागला. त्याआधी १८२५ मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडने हा धातू मिळाल्याचं जाहीर केलं होतं. वोहलरने ती कृती करून पाहिली, जमेना. मग त्याने स्वतःची वाट काढली. निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड आणि पोटॅशियम, प्लॅटिनमच्या मुशीत. हाती आली ती राखाडी भुकटी. दुसऱ्या कुणी घाण म्हणून टाकली असती (मी तर नक्कीच टाकली असती). त्याने ती धुतली, तपासली, धातू आहे हे दाखवलं. टाचणीच्या डोक्याएवढे गोळे मिळायला १८४५ उजाडलं, आणि तेव्हा त्याने हा धातू किती हलका आहे ते मोजलं. भुकटीपासून गोळ्यापर्यंत अठरा वर्षं! आपण दोन सेममध्ये प्रोजेक्ट उरकतो.

मधल्या काळात १८२८ चा युरिया झाला. तोही ठरवून नव्हे. अमोनियम सायनेट बनवायला गेला आणि भलतेच स्फटिक मिळाले. चुकलं म्हणून फेकले नाहीत, ओळख पटवली, तर प्राण्यांच्या यकृतात तयार होणारा युरिया! सजीवांचे पदार्थ प्रयोगशाळेत होत नाहीत ही समजूत तिथून ढासळायला लागली. आज थळच्या कारखान्यात तोच युरिया होतो आणि त्यासाठीचा मालगाडीचा फाटा आमच्या पेणलाच फुटतो. लहानपणापासून भाताच्या शेताच्या बांधावर ती पोती बघतोय, पण वोहलर कधी आठवला नव्हता.

तो चुकला नाही असं नाही बरं का. मेक्सिकोच्या एका शिशाच्या खनिजावर काम करताना आजारी पडला, काम लांबलं, आणि १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोमने व्हॅनेडियम जाहीर केलं. वोहलरने नंतर तपासलं तर आपल्या खनिजात तेच होतं. त्याने ते मान्य करून टाकलं. कासेलला आणि १८३६ पासून गॉटिंगेनला शिकवत असताना दुसऱ्यांच्या चुकाही त्याने शोधल्या. लोखंडाच्या भट्टीच्या मळीत तांब्यासारखे चमकणारे चौकोनी स्फटिक सापडायचे. मोठमोठे लोक त्यांना शुद्ध टायटॅनियम समजत. १८४९ मध्ये वोहलरने दाखवलं की त्यात नायट्रोजन आणि कार्बनही आहेत.

आणि आता बोरॉन. फ्रान्सच्या डेव्हिलने १८५४ मध्ये ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची कृती बसवली. वोहलरशी स्पर्धा न करता त्याने त्याच धातूचं एक पदक पाडलं, त्यावर वोहलरचं नाव आणि १८२७ हे साल घातलं. १८५६-५७ मध्ये दोघांनी मिळून बोरॉनचं ऑक्साइड ॲल्युमिनियमबरोबर तापवलं, मग कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम विरघळवून टाकलं. तळाशी उरले कठीण, चकचकीत स्फटिक. दोघांना वाटलं, हिऱ्यासारखं बोरॉन मिळालं. पुढे इतरांनी दाखवलं की ते शुद्ध बोरॉन नव्हतं, त्यात ॲल्युमिनियमही होतं. म्हणजे ते होतं ॲल्युमिनियम बोराइड.

हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, बोरॉन. रोह्याच्या सळीतले तिन्ही मूलद्रव्यं एका माणसाच्या हाताखालून गेली होती. आणि ॲल्युमिनियम विरघळवून गाळात बोराइड शोधायचा प्रयोग त्याने माझ्या दीडशे वर्षं आधी केला होता. त्याचं नाव चुकलं, पण गाळ त्याने जपून ठेवला होता. म्हणून तर चूक पुढे दुरुस्त करता आली. माझी चूक सिंकमधून गेली, ती कोण दुरुस्त करणार?

वोहलर २३ सप्टेंबर १८८२ ला गॉटिंगेनमध्ये वारला. त्याच्या हाताखाली शिकलेला जुएट नावाचा अमेरिकन परत जाऊन ओबर्लिन कॉलेजात शिकवू लागला, आणि त्याचाच विद्यार्थी चार्ल्स मार्टिन हॉल याने २३ फेब्रुवारी १८८६ ला विजेने ॲल्युमिनियम काढलं. आज डब्यातल्या पोळीला गुंडाळलेली फॉइल तिथून येते. सळीचं विरजण मात्र बरंच उशिरा, १९४९ च्या सुमारास सिबुला यांच्या इंग्लंडमधल्या कामानंतर पुढे आलं.

मी प्रयोग परत केला. गाळ गाळला, धुतला, वाळवला, तोलला. तुकड्यांची परीक्षाही घेतली. ओतायच्या जरा आधी मुशीत तुकडा टाकून ढवळला की ग्रेन बारीक. तोच तुकडा टाकून अर्धा तास थांबलं की ग्रेन जाड. कारण साधं आहे. बोराइड भट्टीच्या तापमानाला वितळत नाही, आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतं. ते तळाशी बसतं, एकमेकांना चिकटतं. दह्याचे जंतू वाढतात म्हणून कालच्या दह्याने आजचं दूध लागतं. बोराइड वाढत नाही, त्याच्या फक्त गुठळ्या होतात. तसंही शंभरातला एखादाच कण ग्रेन धरतो, बाकीचे नुसते बसून असतात. पाकिटांची फॉइल ६-७ मायक्रॉन जाडीची, एकटा कण मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. एकटा खपून जातो. दहा-वीस कणांची गुठळी आली की भोक पडणारच.

म्हणून रिपोर्टमध्ये एवढंच सुचवलंय. सळीचे तुकडे कोरड्या झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवा. फॉइलच्या भट्टीत टाकू नका. जाड मालाचं ओतकाम असेल तेव्हा, ओतायच्या तोंडावर वापरा. आणि भट्टीचा तळ ठरल्या दिवशी साफ करा.

रिपोर्ट द्यायला रोह्याला गेलो तेव्हा आधी काकांकडे गेलो. तुकडे मी टाकले होते, हे सांगितलं. भोकं त्यामुळेच पडली असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण ठपका एकट्या त्यांच्यावर नको होता. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की हे ऑफिसातही सांग. सांगितलं. पैसे परत मिळाले नाहीत, पण त्यांच्या कार्डावरचा शेरा खोडला गेला.

त्या गाळाची एक छोटी बाटली लॅबच्या कपाटात ठेवली आहे. लेबलवर बोराइड लिहिलंय आणि पुढे प्रश्नचिन्ह, कारण त्यात टायटॅनियम अल्युमिनाइड किती उरलंय ते अजून तपासायचंय. पुढच्या बॅचमधल्या कुणाला हा प्रोजेक्ट पुढे न्यायचा असेल त्याने खुशाल घ्यावी. फक्त सिंकपासून लांब ठेवा!