एरंडीच्या पानापासून संत्र्याच्या बुंध्यापर्यंत : जहांगीर दस्तूर

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा भागात मृगाचा पाऊस लागण्याआधी संत्र्याच्या बगीच्यात एक काम ठरलेलं असतं. मोरचूद आणि कळीचा चुना कालवायचा, आणि ते बोर्डो मलम झाडाच्या बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत फासायचं. सीमेपलीकडे काटोल, वरुडलाही तेच. कशासाठी, तर डिंक्यासाठी. साल तडकते, डिंक ओघळतो, मुळं सडतात, पानं पिवळी पडतात आणि लेकरासारखं पोसलेलं झाड हातचं जातं. हा रोग करणारा एक मुख्य जीव ज्यांनी पहिल्यांदा एरंडीवर ओळखला, ते शास्त्रज्ञ पुढे याच मध्य प्रांतात सरकारी नोकरीत होते, हे मात्र इकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यांचं नाव जहांगीर फरदुनजी दस्तूर.

दस्तूर पारशी, जन्म 1886 चा. बिहारात पुसा इथे सरकारची शेती संशोधन संस्था होती. तिथे एडविन बटलर या साहेबाच्या हाताखाली ते पिकांवरच्या बुरश्यांचा अभ्यास करू लागले. बटलर आयर्लंडचे. 1845 पासून बटाट्यावरच्या करप्यानं ज्या देशात दुष्काळ पडला आणि सुमारे दहा लाख माणसं गेली, तोच हा देश. त्या करप्याचा जीव फायटोप्थोरा कुळातला. या ग्रीक नावाचा अर्थच झाडांचा नाश करणारा असा होतो.

पुशाला दस्तूरांच्या पुढ्यात आली ती एरंडी. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे नुसती पोकळ बडबड, असं आपण म्हणतो. दस्तूरांनी मात्र या एरंडातून रस काढला. एरंडीची रोपं मरत होती, पानांवर डाग पडत होते. मारणारा जीव फायटोप्थोराच होता, पण बटाट्यावरचा नव्हे, वेगळाच. 1913 मध्ये त्यांनी त्याच्यावर पन्नासहून जास्त पानांचा प्रबंध छापला आणि नाव ठेवलं फायटोप्थोरा पॅरासिटिका. भारतीय माणसानं केलेलं हे काम जगभरच्या वनस्पतीरोग शास्त्रज्ञांनी मान्य केलं. पुढे हाच जीव संत्रा-लिंबू, टमाटे, तंबाखू अशा शेकडो झाडांवर सापडला.

याची खोड मोठी विचित्र. तेव्हा त्याला बुरशी म्हणत. आता शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळाच्या एका कुळाचा जवळचा मानतात. त्याच्या बीजाणूंना बारीक शेपट्या असतात आणि ते पाण्यात पोहतात. मुळांतून जे पाझरतं त्याचा माग काढत मुळापर्यंत जातात, तिथे चिकटतात आणि आत शिरतात. जमिनीत पाणी साचलं की त्याचं फावतं. म्हणून तर बुंध्याला पाणी लागू देऊ नका, दुहेरी आळं करा, कलमाचा डोळा जमिनीपासून उंच ठेवा, असं सांगतात. जंबेरी खुंटावरचं झाड याला लवकर बळी पडतं, रंगपूर लिंबाचा खुंट त्यापेक्षा तग धरतो. नुसतं मलम फासून आळ्यात पाणी तुंबवलं तर मोरचुदाचे पैसे वायाच.

पुढे दस्तूर मध्य प्रांत सरकारचे बुरशीतज्ज्ञ झाले. तेव्हा नागपूर प्रांताची राजधानी होती, आणि आज पांढुर्णा जिल्ह्यात असलेलं सौंसर छिंदवाडा जिल्ह्यात, त्याच प्रांतात होतं. मधली रेघ आली ती 1956 मध्ये. इथे त्यांनी हरभऱ्याच्या मर रोगावर लिहिलं. पण त्यांचा जुना गडी त्यांना पुन्हा भेटला तो पानमळ्यात. नागवेलीचं बूड सडायचं, हिरवागार मळा बघता बघता झोपायचा. बरई लोकांचं सगळं घर त्या वेलीवर चालायचं. मध्य प्रांतातल्या पानाच्या रोगांवर त्यांचा मोठा लेख 1935 मध्ये निघाला. वेल मारणारा जीव पॅरासिटिकाचाच एक प्रकार आहे, असं त्यांनी दाखवलं आणि त्याला पायपरिना म्हटलं. ओलावा, सावली, दाट लागवड, म्हणजे वेलीला जे मानवतं तेच या जिवालाही मानवतं. बरई बिचारा करणार काय?

नावाची गोष्ट मात्र वेगळीच झाली. 1896 मध्ये ब्रेडा डी हान या डच शास्त्रज्ञानं तंबाखूवरच्या अशाच जिवाला फायटोप्थोरा निकोशियानी म्हटलं होतं. 1963 मध्ये ग्रेस वॉटरहाऊस यांनी दस्तूरांच्या पॅरासिटिकाला त्याच नावाखाली पोटप्रकार म्हणून टाकलं. तेव्हा दस्तूर हयात होते. ते 1971 मध्ये गेले. 1990 च्या दशकात ती पोटविभागणीही मोडीत निघाली. नियम असा की आधीचं नाव चालतं. नियमात चूक काही नाही, पण सतरा वर्षांच्या फरकानं एका माणसाचं नाव मागं पडलं. भारतातले संत्र्यावर काम करणारे बरेच शास्त्रज्ञ मात्र नंतरही या जिवाला पॅरासिटिकाच लिहीत राहिले, आणि शास्त्रीय रिवाजाप्रमाणे त्यापुढे दस्तूर हे आडनाव छापत राहिले.