ऑक्सफर्डचा भांडखोर

लिंडसे अँडरसन हा इंग्रजी चित्रपटांचा दिग्दर्शक, पण जन्म बंगळूरचा, १९२३ चा. वडील ब्रिटिश लष्करात अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर तो पुन्हा भारतात, दिल्लीला आला. युद्ध संपल्यावर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ऑक्सफर्डला परतला आणि अभ्यासाइतकाच, किंबहुना अधिकच, तिथल्या विद्यार्थ्यांच्या फिल्म सोसायटीत रमला.

चित्रपट आणायचे, दाखवायचे आणि मग रात्री उशिरापर्यंत वाद घालायचा, हा अशा मंडळांचा सगळीकडचाच शिरस्ता. ऑक्सफर्डच्या पोरांनी हा वाद छापायला घेतला. सोसायटीच्या मासिकातून १९४७ च्या सुमारास ‘सीक्वेन्स’ उभं राहिलं. अँडरसन, गॅव्हिन लॅम्बर्ट, पीटर एरिक्सन ही त्यातली मंडळी. ब्रिटिश चित्रपट कामकरी माणसाकडे धड पाहतही नाही, असं त्यांनी सुनावलं. उलट घोडे-बंदुकांचे म्हणून नाकं मुरडली जात, त्या जॉन फोर्डच्या चित्रपटांत त्यांना कविता दिसली. मुक्काम पुढे लंडनला हलला. चौदा अंक निघाले आणि १९५२ मध्ये मासिक बंद पडलं.

दुसऱ्यांना नावं ठेवणाऱ्याला कधीतरी स्वतः करून दाखवावं लागतं. अँडरसन छोटे माहितीपट करू लागला होता. पण ते लावणार कोण? तेव्हा फिल्म सोसायटीत शिकलेली युक्ती कामी आली. स्वतःचे आणि मित्रांचे लघुपट एकत्र बांधायचे, एक नाव द्यायचं, जाहीरनामा काढायचा आणि प्रेक्षक बोलवायचे. फेब्रुवारी १९५६ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरात ‘फ्री सिनेमा’चा पहिला कार्यक्रम झाला. १९५९ पर्यंत असे सहा झाले.

‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ १९६३ चा. ‘इफ’ १९६८ चा. शाळेतल्या मुलांच्या बंडाची ही गोष्ट त्याने बरीचशी चित्रित केली ती स्वतःच्याच जुन्या शाळेत! कानला तिला सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

एवढं होऊनही त्याच्या नावावर मोठ्या पडद्यासाठीचे कथापट जेमतेम अर्धा डझन. विशीतल्या समीक्षकाचा ताठा त्याने साठीतही सोडला नाही, आणि मला वाटतं, त्याची किंमत त्यालाच मोजावी लागली. मधली कितीतरी वर्षं त्याने नाटकं बसवण्यात घालवली. १९९४ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला. ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ हा १९८७ चा त्याचा अखेरचा कथापट. त्यात त्याने नव्वदी ओलांडलेल्या लिलियन गिशला कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. मूकपटांच्या जमान्यातली ही नायिका. तिचे चित्रपट तोवर उरले होते ते मुख्यतः फिल्म सोसायट्यांच्या पडद्यावरच.