गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर

ज्या कीर्तनपरंपरेने बारामतीच्या कविवर्य मोरोपंतांच्या आर्या महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचविल्या, त्याच परंपरेतील एका घरात पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. दि. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे जन्मलेल्या विष्णूचे वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. मुलाने शिकून पुढे यावे, असाच त्या घरचा विचार होता. परंतु बालवयातच दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि त्याच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी अत्यंत अधू झाली व शाळेची वाट बंद झाली.

उपचारांसाठी त्याला मिरजेस आणण्यात आले. तेथील डॉ. भडभडे यांनी मुलाचा गोड गळा हेरला आणि त्याला गायन शिकविण्याचा सल्ला दिला. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याची तालीम सुरू झाली. पुस्तक वाचता न येणाऱ्या त्या मुलाने गुरूच्या मुखातून विद्या ऐकली, कंठस्थ केली आणि अखंड रियाजाने आत्मसात केली.

त्या काळी गाणे लोकांना आवडे. पण गवयाला मान नसे. एका समारंभाचे निमंत्रण आपल्याला आले, मात्र केवळ गवई म्हणून गुरुजींना आले नाही, हे विष्णुबुवांच्या मनाला फार लागले, असे सांगितले जाते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर असा प्रवास करीत त्यांनी दरबारांबरोबरच तिकीट लावून सर्वसामान्यांसाठीही मैफली केल्या.

दि. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजाश्रयावर नव्हे, तर लोकाश्रयावर उभे राहिलेले हे विद्यालय होते. ठराविक अभ्यासक्रम, स्वरलिपी, छापील पुस्तके आणि परीक्षा यांमुळे संगीतशिक्षणास शिस्त लाभली. १९०८ मध्ये मुंबईतही विद्यालय सुरू झाले. गरीब विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाचा भार पंडितजींनी स्वतः उचलला.

मुंबईच्या वास्तूसाठी काढलेले कर्ज मात्र फिटले नाही आणि १९२४ च्या सुमारास ती वास्तू लिलावात गेली. घरातही दुःख होतेच. अनेक अपत्ये अल्पवयातच गेली. तरीही त्यांचा धीर खचला नाही. नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात त्यांनी रामभक्ती व शिष्यांचे अध्यापन चालूच ठेवले. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनात आक्षेप घेतला गेला असतानाही त्यांनी ‘वंदे मातरम्’ पूर्ण गायिले.

दि. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर यांसारख्या शिष्यांनी आणि सुपुत्र पं. द. वि. पलुसकर यांनी ही गानगंगा पुढे नेली. लिलावात इमारत गेली, संस्था मात्र गेली नाही. कारण तिचा पाया विटांवर नव्हे, तर घडविलेल्या माणसांवर रचलेला होता. आज लहान गावांतील मुले-मुली प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद या परीक्षांना बसतात, त्यामागे दृष्टी गमावूनही दूरदृष्टी न गमावलेल्या या महापुरुषाची पुण्याई उभी आहे.